व्होल्टेज क्षणभर बसते तेव्हा मोटर काय करते आणि तिचे नियंत्रण काय करते

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कारखान्यात पंखे, पंप आणि कन्व्हेयर मिळून चाळीसेक मोटरी आहेत. त्यांतील काही थेट स्टार्टरवर, काही स्टार-डेल्टावर (मोटर आधी कमी आणि मग पूर्ण व्होल्टेजवर उचलणारा स्टार्टर) आणि दहा-बारा ड्राइव्हवर (वारंवारिता बदलून मोटरीचा वेग ठरवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) चालतात. अधूनमधून दिवे नुसते लुकलुकतात, पॅनेलवरच्या मीटरचा आकडा हलतही नाही, पण त्याच क्षणी निम्म्या मोटरी बंद पडतात. दर वेळी बंद पडणाऱ्या मोटरी त्याच असतात असेही नाही. मोटरी कमी क्षमतेच्या निवडल्या गेल्या आहेत का, आणि मोठा सर्वो स्टॅबिलायझर बसवला तर हा त्रास थांबेल का?

दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. या वर्णनातील मोटरी बहुधा थांबलेल्याच नाहीत, त्यांना थांबवले गेले आहे. डिप, म्हणजे व्होल्टेजचे हे क्षणभर बसणे, सहन करण्याची ताकद मोटरीत तिच्या नियंत्रणापेक्षा पुष्कळ जास्त असते. वीस मिलिसेकंदांत हात सोडून देतो तो कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने ओढला जाऊन मोटरीला पुरवठा जोडणारा स्विच), एखादा छोटा रिले किंवा ड्राइव्हचा अंडरव्होल्टेज ट्रिप. मोटरीचा वेग तोवर एखाद-दुसऱ्या टक्क्यानेही उतरलेला नसतो. म्हणून अशा तक्रारीत मी पहिला प्रश्न विचारतो तो ‘सर्वांत आधी कोणी सोडले’ हा. दुसरा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो, आणि तो फारसा कोणी विचारत नाही: व्होल्टेज परत आले त्या क्षणी काय घडले? उत्पादन थांबते ते व्होल्टेज बसल्यामुळे, पण शाफ्ट, कपलिंग आणि वाइंडिंग यांचे नुकसान बहुतेक वेळा व्होल्टेज परतताना होते.

आधी डिप म्हणजे काय ते नक्की करू. व्होल्टेजचे परिणामी (आरएमएस) मूल्य रेटेडच्या, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजच्या, ९० टक्क्यांखाली येऊन अर्ध्या सायकलपासून एका मिनिटापर्यंत खाली राहिले तर त्याला डिप म्हणतात. जवळजवळ शून्यावर गेले तर तो खंड. बहुसंख्य डिप दूरच्या कुठल्यातरी फीडरवर (पुरवठा वाहिनीवर) झालेल्या फॉल्टमुळे, म्हणजे शॉर्ट सर्किटमुळे, येतात. फॉल्ट आपल्या फीडरवर नसल्यामुळे आपला पुरवठा तुटत नाही, पण तिथला ब्रेकर उघडेपर्यंत आपल्याकडचे व्होल्टेज बसलेले राहते. पारेषण जाळ्यावरील फॉल्ट साधारण शंभर मिलिसेकंदांच्या आसपास निघतो, वितरण जाळ्यावर रिलेच्या वेळेनुसार अर्धा ते एक सेकंदही लागू शकतो. म्हणजे डिपची खोली फॉल्ट किती जवळ आहे यावर ठरते आणि लांबी वरच्या संरक्षणावर. पॅनेलवरचा मीटर सेकंदभराची सरासरी दाखवतो, त्यामुळे शंभर मिलिसेकंदांचा डिप त्याच्या नजरेतून निसटतो. सर्वो स्टॅबिलायझरचेही तेच: त्याचा ब्रश मोटरने सरकतो, तो सेकंदाला काही दहा व्होल्ट सुधारतो, आणि त्याने हालचाल सुरू करेपर्यंत डिप संपून गेलेला असतो. डिप लांबला आणि स्टॅबिलायझर वर चढलेला असतानाच व्होल्टेज परतले, तर काही क्षण उलट जास्त व्होल्टेज मिळते.

आता मोटर. इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज ७० टक्क्यांवर आले की कमाल टॉर्क ४९ टक्के उरतो. मोटरीचा कमाल टॉर्क रेटेडच्या अडीच पट असेल तर ७० टक्क्यांवरही तो रेटेडच्या सुमारे १.२ पट राहतो, म्हणजे पूर्ण भार असला तरी मोटर थोडी जास्त घसर (स्लिप, म्हणजे वेगातली पिछाडी) घेऊन, जास्त करंट ओढून चालत राहू शकते. ६० टक्क्यांवर मात्र तो ०.९ पट होतो, आणि मग पूर्ण भाराची मोटर वेग गमावू लागते. प्रत्यक्षात पुष्कळ मोटरी साठ-सत्तर टक्के भारावर चालत असतात, त्यामुळे ही सीमा आणखी खाली जाते.

वेग किती झपाट्याने उतरेल हे जडत्वावर अवलंबून आहे. यासाठी मी एक सोपे माप वापरतो: रेटेड टॉर्क लावून ती फिरती यंत्रणा शून्यापासून पूर्ण वेगाला यायला किती सेकंद लागतील? समजा पंपासाठी ही वेळ एक सेकंद आहे आणि मोठ्या पंख्यासाठी दहा सेकंद. आता मोटरीचा टॉर्क पूर्णपणे गेला आणि भार तसाच राहिला, तर दीडशे मिलिसेकंदांत पंपाचा वेग १५ टक्क्यांनी उतरेल आणि पंख्याचा फक्त दीड टक्क्याने. ही सर्वांत वाईट स्थिती झाली, कारण पंप आणि पंखे यांचा भार वेग कमी झाला की वर्गाच्या प्रमाणात आपोआप हलका होतो. कन्व्हेयर, एक्स्ट्रूडर, पिस्टनचे कॉम्प्रेसर यांना ती सवलत नाही, त्यांचा भार वेग उतरला तरी तेवढाच राहतो. छोटे एकफेजी कॉम्प्रेसर तर ६० ते ६५ टक्क्यांखाली काही सायकलींतच जागच्या जागी अडकतात आणि व्होल्टेज परतले तरी फिरत नाहीत. ओव्हरलोड संरक्षण सुटेपर्यंत ते लॉक-रोटर करंट (रोटर अडकलेला असताना वाहणारा मोठा करंट) ओढत बसतात, आणि अशा शेकडो यंत्रांमुळे एखाद्या भागाचे व्होल्टेज फॉल्ट निघून गेल्यावरही कितीतरी सेकंद वर येत नाही.

येथवरचा हिशेब तिन्ही फेज सारख्या बसल्या असे धरून केला. तसे क्वचितच होते. बहुसंख्य फॉल्ट एका फेजचे जमिनीशी असतात, आणि मधला डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर त्या डिपचे रूप पालटून टाकतो. वरच्या बाजूला एक फेज पूर्ण शून्यावर गेली तर डेल्टा-स्टारच्या पलीकडे, म्हणजे आपल्या ४०० व्होल्टच्या बाजूला, दोन फेज जवळपास ५८ टक्क्यांवर येतात आणि तिसरी १०० टक्क्यांवर शाबूत राहते. ‘दर वेळी वेगळ्याच मोटरी बंद पडतात’ या कोड्याची किल्ली इथेच आहे. ज्या स्टार्टरची कॉइल शाबूत फेजवर आहे तो टिकतो, ज्याची कॉइल बसलेल्या फेजवर आहे तो सुटतो, आणि पुढच्या वेळी फॉल्ट दुसऱ्या फेजवर झाला की यादी बदलते. तुमच्या स्टार्टरांच्या कॉइली कुठल्या फेजवर आहेत याचा एक तक्ता करून तो बंद पडलेल्या मोटरींच्या नोंदीशेजारी ठेवा. अनेकदा तेवढ्यानेच निम्मे निदान होते.

मोटरीला असा असमतोल डिप कसा लागतो? असमतोल व्होल्टेजचे दोन भाग कल्पिता येतात: मोटरीला तिच्याच दिशेने फिरवणारा धन-क्रम आणि उलट दिशेने ओढणारा ऋण-क्रम. त्या स्थितीत धन-क्रमाचे व्होल्टेज ६७ टक्के आणि ऋण-क्रमाचे ३३ टक्के असते. धन-क्रमाचा टॉर्क सुमारे ४४ टक्के उरतो. ऋण-क्रमाच्या व्होल्टेजसाठी मोटर लॉक-रोटर असल्यासारखी दिसते. सुरुवातीचा करंट सहा पट असेल तर ३३ टक्क्यांनी फुल लोडच्या दुप्पट ऋण-क्रमाचा करंट वाहतो. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर टॉर्कमध्ये १०० हर्ट्झची थरथर येते आणि मोटर घोगऱ्या आवाजात गुरगुरते. काही सायकलींसाठी यात तिचे काही बिघडत नाही. पण असमतोलावर तत्काळ सुटेल असा मोटर संरक्षण रिले ठेवला असेल तर तो मात्र मोटर धडधाकट असताना तिला उतरवतो.

आता कॉन्टॅक्टरकडे वळतो, कारण या विषयात सर्वाधिक वेळ द्यायला हवा तो त्यालाच. आयईसी ६०९४७-४-१ या मानकानुसार एसी कॉन्टॅक्टर रेटेड नियंत्रण व्होल्टेजच्या ८५ ते ११० टक्क्यांत ओढला गेला पाहिजे आणि ७५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी पूर्ण सुटला पाहिजे. ही मर्यादा नीट वाचा. ७४ टक्क्यांवर सुटणारा कॉन्टॅक्टरही मानकात बसतो आणि २५ टक्क्यांपर्यंत धरून ठेवणाराही बसतो. म्हणजे दोन स्टार्टर बाहेरून अगदी एकसारखे दिसले तरी डिपमध्ये एकसारखे वागतीलच असे नाही. बहुतेक एसी कॉन्टॅक्टर मी ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास सुटताना पाहिले आहेत.

हे एकदा टेबलावर स्वतः करून पाहावे. कॉइलला व्हेरिअॅकने (नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) रेटेड व्होल्टेज द्या, कॉन्टॅक्टर खटकन ओढू द्या, आणि मग नॉब हळूहळू मागे फिरवा. ऐंशी टक्क्यांपर्यंत काहीच जाणवत नाही. त्याखाली गुणगुण वाढू लागते, कारण खांबावरच्या शेडिंग रिंगने फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) शून्यातून जाताना आर्मेचरला, म्हणजे हलत्या भागाला, धरून ठेवायचे असते आणि आता तिचा जोर पुरेनासा होतो. आणखी थोडे खाली गेले की गुणगुणीची खडखड होते, आर्मेचर अर्धवट उठते आणि पुन्हा चिकटते, हाताला कंप जाणवतो, आणि मग कॉन्टॅक्टर एकदम सुटतो. या मधल्या खडखडीच्या पट्ट्यात मुख्य संपर्क दर काही मिलिसेकंदांनी उघडमीट करत असतात. टेबलावर त्यातून करंट वाहत नाही, पण पॅनेलमध्ये त्याच संपर्कांतून मोटरचा पाच-सहा पट करंट जात असतो. डिपनंतर संपर्क वितळून चिकटलेले सापडतात त्याचे कारण हेच. पुष्कळदा खोल डिपपेक्षा असा अर्धवट, रेंगाळणारा डिप कॉन्टॅक्टरला जास्त घातक ठरतो.

व्हेरिअॅकने संथ डिप कळतो. अचानक आलेल्या डिपमध्ये तो लहरीच्या कोणत्या बिंदूवर सुरू झाला यानेही फरक पडतो. व्होल्टेज शून्यातून जात असताना कॉइलचा फ्लक्स कमाल असतो, तेव्हा सुरू झालेला खोल डिप कॉन्टॅक्टर थोडा जास्त वेळ तगून काढतो. त्यामुळे एकाच खोलीच्या दोन डिपांत तोच कॉन्टॅक्टर एकदा टिकतो आणि एकदा सुटतो, आणि देखभालीचा माणूस विनाकारण टर्मिनल आवळत बसतो.

कॉन्टॅक्टर सुटल्यावर पुढे काय होते हे नियंत्रणाच्या जोडणीवर ठरते. पुश बटण आणि स्वतःचाच होल्डिंग संपर्क (बटण सोडल्यावरही कॉइल चालू ठेवणारा) असलेल्या जुन्या पद्धतीत कॉन्टॅक्टर एकदा सुटला की मोटर बंद होते, आणि कोणी बटण दाबेपर्यंत बंदच राहते. उत्पादन थांबते, पण मोटरीला धोका नसतो. पीएलसीच्या (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाच्या) आउटपुटवरून चालणाऱ्या कॉन्टॅक्टरची गोष्ट निराळी आहे. पीएलसीचा २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर साधारण २० मिलिसेकंद आणि कमी भारावर त्याहून जास्त वेळ तग धरतो, त्यामुळे पीएलसीला डिप कळतही नाही आणि तिचे आउटपुट चालूच राहते. कॉन्टॅक्टर सुटतो, शंभर मिलिसेकंदांनी व्होल्टेज परतते आणि तो तत्क्षणी पुन्हा ओढला जातो. ऑपरेटरला वाटते, छान, मोटर चालू राहिली.

पण त्या शंभर मिलिसेकंदांत मोटर पुरवठ्यापासून तुटलेली होती आणि फिरत होती. तिच्या रोटरमध्ये फ्लक्स अडकलेला होता, आणि तो स्टेटरच्या टर्मिनलवर स्वतःचे व्होल्टेज निर्माण करत होता. छोट्या मोटरीत हे व्होल्टेज झपाट्याने ओसरते, मोठ्यांमध्ये ते ओसरायला एक सेकंद किंवा त्याहून जास्त लागतो. वेग उतरत असल्यामुळे त्याची वारंवारिता पुरवठ्यापेक्षा कमी होते, आणि दोघांतला कोन वाढत जातो. तो कोन १८० अंशांच्या जवळ असतानाच कॉन्टॅक्टर मिटला तर मोटरीवर जवळजवळ दुप्पट व्होल्टेज येते. करंट नेहमीच्या सुरुवातीच्या करंटच्या दुपटीच्या दिशेने जातो आणि क्षणिक टॉर्क रेटेडच्या कितीतरी पट होतो. मोठ्या मोटरींच्या पुरवठा-बदलासाठी दोन व्होल्टेजांमधला फरक रेटेड व्होल्ट-प्रति-हर्ट्झच्या १.३३ पटीच्या आत ठेवण्याची जी मर्यादा पाळली जाते ती याच धक्क्यासाठी आहे. चावीचा गाळा रुंदावणे, कपलिंगचे रबर फाटणे, वाइंडिंगची टोके सैल होणे, शाफ्टला खांद्याजवळ तडा जाणे: हे सर्व महिनोन्‌महिने साचत जाते आणि शेवटी खापर बेअरिंगवर किंवा संरेखनावर फुटते. पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर थेट मोटरीच्या टर्मिनलवर जोडलेला असेल तर हे शिल्लक व्होल्टेज आणखी रेंगाळते, आणि धोक्याची खिडकी तेवढी रुंद होते.

म्हणून माझा आग्रह असा की मध्यम आणि मोठ्या मोटरींसाठी दोनच गोष्टी चालतील. एकतर कॉन्टॅक्टर डिपभर सुटूच नये, म्हणजे मोटर पुरवठ्याला जोडलेली राहते आणि तिचा फ्लक्स पुरवठ्याच्या हातात राहतो. नाहीतर तो सुटला तर शिल्लक व्होल्टेज पाव पटीपर्यंत उतरेपर्यंत, साधारण एक-दोन सेकंद किंवा त्या मोटरीला लागेल तेवढा वेळ, पुन्हा मिटूच नये. सुटून लगेच मिटणे हा मधला मार्ग सर्वांत वाईट. पीएलसीमध्ये कॉन्टॅक्टरचा सहायक संपर्क इनपुट म्हणून घेऊन, तो गेला की आउटपुट काढून टाकायचे आणि टायमरनंतरच पुन्हा द्यायचे, एवढी दोन ओळींची दुरुस्ती यासाठी पुरते. स्टार-डेल्टामध्ये हीच चूक वेगळ्या रूपात येते: मुख्य कॉन्टॅक्टर टिकतो, डेल्टाचा सुटून परत मिटतो, आणि मोटर स्टारमध्ये न जाता उतरलेल्या वेगावरून सरळ डेल्टात उचलली जाते. सॉफ्ट स्टार्टरच्या (व्होल्टेज हळूहळू वाढवून मोटर उचलणाऱ्या उपकरणाच्या) बायपास कॉन्टॅक्टरचेही तेच.

कॉन्टॅक्टर धरून ठेवायचा ठरला तर उपाय स्वस्त आहेत, आणि याचे मला आजही समाधान वाटते, कारण इतक्या कमी खर्चात इतका फरक पडणारी दुसरी दुरुस्ती विद्युत देखभालीत फारशी नाही. नियंत्रण ट्रान्सफॉर्मर फेज-न्यूट्रलऐवजी दोन फेजांमध्ये जोडणे ही पहिली पायरी. तिने सर्व डिप निभत नाहीत, पण एखादी फेज एकटीच बसली तर पुष्कळ निभते. दुसरी, एसी कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक कॉइलचे कॉन्टॅक्टर, जे डीसीवर धरले जातात आणि बरेच खालपर्यंत टिकतात. तिसरी, कॉइल होल्ड-इन उपकरण, जे कॉइलला डिपपुरता डीसी पुरवते. चौथी, फक्त नियंत्रण पुरवठ्यासाठी छोटा यूपीएस. फेरोरेझोनंट पद्धतीचा स्थिर व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरही चांगले काम करतो, पण तो भाराच्या दोन ते अडीच पट मोठा घ्यावा लागतो, कारण कॉन्टॅक्टर ओढले जाताना लागणारा करंट त्याला झेपला नाही तर तो स्वतःच बसतो.

धरून ठेवण्याची वेळ मात्र मर्यादित हवी. एक-दोन सेकंदांनंतरही व्होल्टेज आले नाही तर मोटर सोडून द्यायलाच हवी. त्यासाठी अंडरव्होल्टेज रिलेला वरच्या संरक्षणाच्या फॉल्ट काढण्याच्या वेळेपेक्षा थोडा जास्त विलंब द्यावा. फेज-निरीक्षण रिले कारखान्यातून येतो तेव्हा त्याचा विलंब पुष्कळदा अगदी कमी ठेवलेला असतो आणि पॅनेल लागल्यावर त्या नॉबला कोणी हात लावत नाही. तो आधी तपासा.

सगळेच कॉन्टॅक्टर धरून ठेवण्यात एक धोका आहे, आणि तो हिशेब केल्याशिवाय पुढे जाऊ नये. व्होल्टेज परतते तेव्हा वेग उतरलेली प्रत्येक मोटर सुरुवातीच्या करंटच्या जवळपास करंट ओढते. ५ टक्के इंपीडन्सच्या ट्रान्सफॉर्मरवर त्याच्या क्षमतेच्या निम्म्या मोटरी सहा पट करंट ओढू लागल्या तर व्होल्टेज सुमारे १३ टक्के पडते, म्हणजे ८७ टक्के उरते, आणि त्यात बहुतेक मोटरी सावरतात. मोटरी क्षमतेच्या ८० टक्के असतील तर सुमारे १९ टक्के पडते, उरलेल्या ८१ टक्क्यांवर टॉर्क ६५ टक्के मिळतो, आणि जड भाराच्या मोटरी मध्येच लटकतात: ना वेग घेतात, ना थांबतात, आणि सगळ्यांचे व्होल्टेज खाली धरून ठेवतात. अशा ठिकाणी प्रक्रियेला ज्यांच्याविना चालणारच नाही त्या मोटरी धराव्यात, जास्त जडत्वाचे पंखे सोडायला हरकत नसेल तर सोडावेत आणि नंतर टप्प्याटप्प्याने उचलावेत. हा निर्णय विद्युत विभागाने एकट्याने घ्यायचा नाही. कोणता पंप किती सेकंद थांबला तर चालेल हे प्रक्रिया चालवणाऱ्यालाच ठाऊक असते.

ड्राइव्हवरच्या मोटरींचा विचार पूर्णपणे वेगळा करावा लागतो, कारण तिथे डिप थेट मोटरीला दिसत नाही, तो दिसतो ड्राइव्हमधल्या ‘डीसी बस’ला, म्हणजे एसीचे डीसी करून कपॅसिटरमध्ये साठवणाऱ्या मधल्या टप्प्याला. ४०० व्होल्ट पुरवठ्यावर डायोड ब्रिजमागे सुमारे ५४० व्होल्ट डीसी असतो. समजा अंडरव्होल्टेज ट्रिप ३८० व्होल्टवर आहे आणि कपॅसिटर दर किलोवॅटमागे १०० मायक्रोफॅरॅड आहे. या दोन व्होल्टेजांमध्ये किलोवॅटमागे जेमतेम ७.४ ज्यूल ऊर्जा साठलेली असते, म्हणजे पूर्ण भारावर ती सात-साडेसात मिलिसेकंदांत संपते. अर्धी सायकलसुद्धा नाही. भार ३० टक्के असेल तर पंचवीसेक मिलिसेकंद मिळतात. त्यामुळे खोल त्रिफेजी डिपमध्ये साधा ड्राइव्ह ट्रिप होणे हा दोष नसून त्याच्या रचनेचाच परिणाम आहे. असमतोल डिपमध्ये मात्र शाबूत राहिलेल्या फेजांमधून कपॅसिटर भरत राहतो आणि ड्राइव्ह बऱ्याचदा तगतो. फक्त तेव्हा उरलेले डायोड सगळा करंट वाहतात, डीसी बसवर तरंग वाढतो, आणि काही ड्राइव्ह फेज-लॉसच्या नावाखाली ट्रिप होतात. व्होल्टेज अचानक परतताना रिकामा कपॅसिटर एकदम भरू पाहतो आणि फ्यूज जातो, हेही घडते. इनपुट चोक असेल तर हा झटका पुष्कळ सौम्य होतो.

ड्राइव्हमध्ये यावर तीन सोयी असतात आणि त्या बहुधा बंद अवस्थेत पडून असतात. पहिली गतिज ऊर्जा परत घेण्याची: डीसी बस उतरू लागला की ड्राइव्ह मोटरची वारंवारिता किंचित खाली आणतो, मोटर जनरेटर होते आणि फिरत्या वस्तुमानातील ऊर्जा बसला जिवंत ठेवते. जड पंख्यावर यामुळे कितीतरी सेकंद निभतात, कन्व्हेयरवर जवळजवळ काहीच नाही. दुसरी, फिरत्या मोटरीला तिच्याच वेगावर पकडण्याची. तिसरी, ट्रिपनंतर आपोआप पुन्हा सुरू होण्याची. तिसरी दुसरीशिवाय कधीही चालू करू नये, नाहीतर ड्राइव्ह फिरत्या मोटरीला शून्य वारंवारितेपासून उचलू पाहतो आणि ओव्हरकरंटवर जातो.

या सोयी चालू करूनही उपयोग झाला नाही असे एक काम माझ्याकडे आले होते. सहा मोठे ब्लोअर, सर्वांच्या ड्राइव्हमध्ये गतिज ऊर्जेचा पर्याय चालू, आणि तरी प्रत्येक डिपला सगळे थांबत. ड्राइव्हच्या नोंदी उघडल्या तर त्यांत अंडरव्होल्टेजचा एकही ट्रिप नव्हता. नोंद होती ती ‘स्टॉप आदेश’ अशी. रन-सिग्नल पीएलसीपासून ड्राइव्हपर्यंत एका सॉकेटवर बसणाऱ्या छोट्या एसी रिलेच्या संपर्कातून येत होता. हा रिले ७० टक्क्यांच्या आसपास, एका सायकलीत सुटायचा, आणि ड्राइव्ह अगदी आज्ञाधारकपणे रॅम्पवर ब्लोअर थांबवायचा. तो रिले २४ व्होल्ट डीसीचा करून पॉवर सप्लाय दोन फेजांमध्ये जोडला, एवढेच केले. तेव्हापासून ड्राइव्हच्या नोंदीतला शब्द न शब्द वाचल्याशिवाय मी कुठलेही सेटिंग बदलत नाही. एसी इनपुट कार्डांचेही असेच होते: पीएलसी जिवंत असते, पण लिमिट स्विच किंवा फ्लो स्विचचा सिग्नल क्षणभर गेल्याचे तिला दिसते आणि इंटरलॉक सगळी साखळी उतरवतो.

जुन्या थायरिस्टर डीसी ड्राइव्हबद्दल एकच सांगतो. ते ऊर्जा परत पाठवत असताना, म्हणजे ब्रेकिंगमध्ये, डिप आला तर थायरिस्टरचे कम्युटेशन (करंट एका थायरिस्टरकडून दुसऱ्याकडे सोपवणे) फसते आणि अतिवेगी फ्यूज उडतात. तिथे फ्यूज बदलण्याबरोबरच त्या क्षणी यंत्र कोणत्या अवस्थेत होते हे लिहून ठेवावे.

सिंक्रोनस मोटरीचा (पुरवठ्याच्या वारंवारितेशी नेमक्या जुळलेल्या वेगाने फिरणाऱ्या मोटरीचा) कमाल टॉर्क, एक्साइटेशन (रोटरला दिलेला डीसी) स्थिर असेल तर, व्होल्टेजच्या वर्गाऐवजी सरळ प्रमाणात कमी होतो, त्यामुळे डिपमध्ये ती इंडक्शन मोटरीपेक्षा बळकट वाटते. पण तिला वेग गमावून पुन्हा सावरण्याची मुभा नाही. रोटरचा कोन एकदा मर्यादेपलीकडे गेला की ध्रुव घसरतात, आणि प्रत्येक घसरणीबरोबर करंट आणि टॉर्क यांचे जबरदस्त हेलकावे बसतात. एक्सायटरचा पुरवठा त्याच बसलेल्या व्होल्टेजवरून घेतलेला असेल तर बळकटीचा फायदाही जातो. ध्रुव-घसरण ओळखणारे संरक्षण तिथे असलेच पाहिजे.

प्रत्यक्ष कामाला कुठून सुरुवात करावी? प्रत्येक अर्ध्या सायकलीचे परिणामी मूल्य नोंदवणारा रेकॉर्डर मुख्य बसवर बसवा आणि फेज-फेज तसेच फेज-न्यूट्रल दोन्ही व्होल्टेज घ्या. एक चॅनेल नियंत्रण व्होल्टेजला द्या आणि शक्य असेल तर एक-दोन संशयित रिलेंचे संपर्क डिजिटल इनपुटवर घ्या. पीएलसी, ड्राइव्ह आणि रेकॉर्डर यांची घड्याळे जुळवा; ती काही मिनिटांनी मागेपुढे असतील तर जमवलेली माहिती वाया जाते. चार-पाच डिपांच्या नोंदी जमल्या की ‘आधी कोणी सोडले’ याचे उत्तर कागदावर येते. एखाद्या नियंत्रण पॅनेलची मुद्दाम परीक्षा घ्यायची असेल तर सेमी एफ४७ या मानकाची पातळी चांगला मापदंड आहे: ५० टक्के व्होल्टेज ०.२ सेकंद, ७० टक्के ०.५ सेकंद आणि ८० टक्के १ सेकंद. ही पातळी अर्धवाहक कारखान्यांतील उपकरणांसाठी ठरली असली तरी कोणत्याही पॅनेलला लावता येते. चाचणीच्या पद्धतीसाठी आयईसी ६१०००-४-११ हे १६ अँपिअरपर्यंतच्या उपकरणांना आणि ६१०००-४-३४ हे त्यावरील उपकरणांना लागू होते.

शेवटची गोष्ट जोडणीची आहे, आणि तिच्यात तडजोड नको. होल्ड-इन उपकरण किंवा यूपीएस कॉइलला जिवंत ठेवतो, म्हणून ते सर्किटमध्ये कुठे बसते हे निर्णायक आहे. आपत्कालीन थांब, ओव्हरलोड आणि स्टॉप बटण यांचे संपर्क होल्ड-इन उपकरण आणि कॉइल यांच्या मध्ये असले पाहिजेत, म्हणजे संपर्क उघडताच कॉइल त्याच क्षणी मोकळी होईल. ते उपकरणाच्या मागे, पुरवठ्याच्या बाजूला राहिले, तर लाल बटण दाबणे उपकरणाला डिपसारखेच दिसेल आणि मोटर आणखी सेकंदभर फिरत राहील. जोडणी झाल्यावर मोटर चालू असताना प्रत्येक थांब-बटण दाबून कॉन्टॅक्टर सुटायला लागणारा वेळ मोजून घ्या, आणि ज्या यंत्राजवळ माणसाचा हात जातो तिथे डिपनंतर यंत्र आपोआप सुरू होण्याचा पर्याय बंदच ठेवा.